हाताचं टेन्शन

आमच्याकडे कपड्यांची दोन कपाटं आहेत. एक आजचं. त्यात पावसात भिजायचे, कुत्र्याला फिरवायचे, दुकानात जायचे कपडे. दुसरं कपाट माझं. त्यातलं सगळं मी शिवलेलं नाहीतर विणलेलं, आणि सगळं दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या बेताचं. खांद्यात उशी घातलेले ब्लाउज, गुडघ्याखाली येणारे सहा कळ्यांचे स्कर्ट, छातीवर जाळीची नक्षी असलेले आखूड स्वेटर.

माझा जन्म युद्ध संपल्यावर बऱ्याच वर्षांनी झाला. त्यामुळे लोक विचारतात, बाई, तुला त्या काळातलं एवढं काय गोड लागलं? मी सांगते, कमर. त्या काळी बायकांना कमर असायची आणि कपड्यांना ती ठाऊक असायची. आजच्या दुकानांना वाटतं आम्ही बटाट्याची पोती आहोत. माझी बहीण शेफील्डला राहते, ती म्हणते, "लिन, तू रेशनच्या रांगेतून पळून आल्यासारखी दिसतेस." म्हणू दे. तिच्या अंगावरचा कोट दुसऱ्या धुण्याला गोळे धरतो.

आमच्या खोऱ्यात जुनी वाफेची गाडी अजून चालते. दर मे महिन्यात तिथे दोन दिवस चाळीस सालची जत्रा भरते, सगळ्यांनी एकोणीसशे चाळीसच्या काळातले कपडे घालून यायची. बॅन्ड असतो, नाच असतो, स्टेशनवर खोटे सैनिक आणि खऱ्या म्हाताऱ्या असतात. माझी वर्षभराची शिलाई आणि विणकाम त्या दोन दिवसांसाठी असतं. आणि माझ्या शिलाईची सगळ्यात मोठी जाहिरात म्हणजे ट्रेव्हर, माझा नवरा. त्याने जन्मभर टपाल वाटलं. रुंद खांद्यांचा माणूस, दारातून आत आला की खोली भरायची. एरवी घरात फाटक्या सपाता घालून हिंडेल, पण जत्रेला निघाला की नवरदेव. छातीपर्यंत चढणारी, खांद्यांवरून गॅलिसच्या पट्ट्यांनी टांगलेली रुंद पॅन्ट, मी शिवलेलं जाकीट, डोक्याला फेल्टची हॅट, आणि आत मी विणलेला रंगीत नक्षीचा हाफ स्वेटर. दरवर्षी नवा.

त्या वर्षीचा स्वेटर मार्चमध्ये संपला. गडद हिरवा, त्यावर मोहरी आणि विटकरी रंगाच्या चौकड्या. माप मी घेतलं नव्हतं. ट्रेव्हरचं माप मला माझ्या नावासारखं पाठ होतं.

त्याने तो घातला आणि आरशासमोर उभा राहिला. मी मागे उभी होते, तोंडात दोन टाचण्या धरून. स्वेटर त्याच्या अंगाला लागलाच नाही. काखेत माझी मूठ सहज गेली असती. पाठीवर तर कापडाची घडीच पडत होती.

आरशात आमची नजरानजर झाली, एवढीशीच. मग तो हसला.

"टेन्शन सैल पडलंय तुझं," तो म्हणाला.

विणणाऱ्यांच्या बोलण्यात टेन्शन म्हणजे काळजी नव्हे. ठरावीक रुंदीत किती टाके बसतात, ते टेन्शन. ज्याच्या त्याच्या हाताचं ते वेगळं असतं आणि एकदा बसलं की सहीसारखं कायम राहतं. माझ्या हाताला नाव ठेवणाऱ्याला मी आठवडाभर चहा देत नाही. पण त्या दिवशी मला राग आला नाही. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्या बरं वाटण्याचीच मला भीती वाटली.

"वय झालं रे," मी म्हणाले. "बोटं ढिली पडली."

"मग उसव. जत्रेला अजून वेळ आहे."

मी उसवला. उसवलेली लोकर कुरळी असते. तिच्या लडी करायच्या, कोमट पाण्यात बुडवायच्या, खाली वजन बांधून वाळत टाकायच्या, म्हणजे ती परत सरळ होते. न्हाणीघरात हिरव्या लडी ठिबकत होत्या आणि मी जेवणाच्या टेबलाशी बसून नव्या, बारीक सुया शोधत होते. हात सैल पडला तर सुई बारीक घ्यायची, हा उपाय पोरासोरांनाही माहीत असतो. मी स्वतःला तेच सांगत होते. ट्रेव्हरकडे मात्र बघत नव्हते.

बघायचं नाही म्हटलं तरी दिसायचं ते दिसतंच. रविवारी भाजलेलं मटण आणि फुगलेलं, खारं यॉर्कशायर पुडिंग पानात वाढलं की हा पूर्वी रश्श्यासाठी पुडिंगमध्ये खड्डा करायचा आणि दुसरं मागायचा. आता टेबलाखालून पिकलच्या तोंडाचा चपचप आवाज यायचा. पिकल म्हणजे आमचं कुत्रं. ते फुगत चाललं होतं. जनावरांच्या डॉक्टरने तर आम्हाला दटावलं, म्हातारपणी एवढं खायला घालू नका म्हणून. ट्रेव्हर मान डोलवून हो हो म्हणाला. मी पिकलवरच ओरडले, हावरट कुठलं.

ट्रेव्हरचे वडील असेच गेले होते. आधी कॉलर सैल झाली, मग लग्नाची अंगठी बोटातून घसरायला लागली, मग ते स्वतःच. त्या घरात आजाराचं नाव कुणी घेतलं नाही. "बाबांचं पोट नाजूक आहे," एवढंच म्हणायचे, त्यांना पुरेपर्यंत. ट्रेव्हरने तेव्हापासून दवाखान्याचा उंबरा ओलांडला नव्हता. दात दुखला तर लवंग धरायचा.

दुसऱ्यांदा विणलेला स्वेटर त्याने एप्रिलमध्ये घातला. टाके बारीक, नक्षी आधीपेक्षा सुबक. आणि स्वेटर पुन्हा सैल. पहिल्याइतका नाही, पण सैलच.

"बघ," तो म्हणाला, "थंडी संपली की बोटं मोकळी होतात तुझी. टेन्शनच गं."

"लोकर वाईट असेल," मी म्हणाले.

"हो, लोकर वाईट असेल."

आम्ही दोघं त्या बिचाऱ्या लोकरीला नावं ठेवत राहिलो. उत्तम लोकर होती ती, शेटलंड बेटांवरची.

मंगळवारी आमच्या शिवणाऱ्या-विणणाऱ्या बायकांची बैठक असते, चर्चच्या मागच्या खोलीत. मेव्हिसमावशी तिथली राणी. अख्खं गाव तिला मावशी म्हणतं. वय ऐंशीच्या घरात, गळ्यात रिबिनीला लावलेली कात्री, आणि जीभ त्या कात्रीहून तेज. चाळीस सालच्या स्कर्टला बाजूला बटणांऐवजी झिप लावली तर ती पोलिसांत देईल अशी भीती सगळ्यांना असते. मी तिला स्वेटर दाखवला, हाताचं रडगाणं गायलं. डेनीस आणि बाकीच्या माना हलवत होत्या. प्रत्येकीला आपापली बोटं, आपापले चष्मे आठवले.

मेव्हिसमावशीने माझ्यापुढे एक गुंडा आणि सुया सरकवल्या.

"वीण."

"आत्ता?"

"नाहीतर काय ख्रिसमसला? वीण, आणि माझ्याशी बोलत राहा. विणण्याकडे बघू नकोस. जाकीट झालं का ट्रेव्हरचं?"

मी विणत गेले आणि जाकिटाबद्दल बोलत गेले. खांदे आत घ्यावे लागले म्हणून सांगितलं. पॅन्टचं काही करावं लागलं नाही, कारण ती गॅलिसवर असते, कमरेचं काय झालंय ते गॅलिस कुणाला कळू देत नाही. हे मी बोलून गेले आणि माझंच बोलणं मला ऐकू आलं. मेव्हिसमावशीने वर पाहिलं नाही. तळहाताएवढा तुकडा झाल्यावर तिने तो काढून घेतला, टेबलावर सपाट केला, खिशातली छोटी पट्टी त्यावर ठेवली आणि नखाने टाके मोजले. मग परत मोजले.

"सैल कुठलं?" ती म्हणाली. "आवळलेत तुझे टाके. चांगलेच आवळलेत."

"असं कसं होईल?"

"कसं म्हणजे? टेन्शन असलं की हात आवळतो पोरी, सैल पडत नाही. माझा मामा युद्धात आरमारात होता. आजीने त्याला पाठवलेले मोजे त्याच्या पायात शिरायचे नाहीत. एवढे घट्ट. बोटीवर सगळे हसायचे म्हणे."

"मग तर ट्रेव्हरला तो स्वेटर घट्ट व्हायला हवा होता," डेनीस म्हणाली. ती भोळी आहे. "मग सैल का गं होतो?"

सुयांचा आवाज बंद पडला होता. मेव्हिसमावशीने तो तुकडा माझ्या हातात दिला आणि माझी बोटं त्यावर मिटवली. इतके दिवस माझ्या हाताचा दोष मी जिवापाड जपला होता, आणि या बाईने तो पट्टीने मोजून काढून घेतला.

घरी चालत येताना मी ठरवलं, दारात पाय ठेवला की बोलायचं. ट्रेव्हर, तू वाळत चालला आहेस, डॉक्टरकडे चल. एवढंच वाक्य. मी ते पुलावर म्हणून पाहिलं, खालच्या गल्लीत म्हणून पाहिलं. दार उघडलं तर हा समोरच्या खोलीत स्वेटर घालून उभा. दुसरा माझ्या पिशवीत होता, पण तोही सैल झाल्यावर तसल्याच हिरव्या लोकरीचा तिसरा मी विणला होता, मागचा-पुढचा भाग जोडून काल शिवणाच्या पुतळ्यावर लटकवला होता. त्याने तोच उतरवून घातला होता.

आणि या वेळी स्वेटर बसला होता. छातीवर, पाठीवर, काखेत. अगदी बेतल्यासारखा बसला होता.

"बघ!" तो म्हणाला. "जमलं की नाही? उगाच जीव जाळत होतीस."

माझा जीव भांड्यात पडला. मला हसू आणि रडू एकदमच आलं. म्हणजे मेव्हिसमावशीला चष्मा लागलाय, म्हणजे ऐंशीची म्हातारी ती, तिला काय कळतंय, म्हणजे सगळं ठीक आहे. मी पुढे झाले आणि सवयीने त्याच्या कुशीवरून हात फिरवला. शिवण कुठे ओढतेय का, ते मी नेहमी असंच बघते.

शिवण ओढत नव्हती. तिच्या खाली मात्र हाताला एक कड लागली. तिच्या थोडी वर दुसरी, आणि तिच्याही वर तिसरी. बनियनच्या कडा होत्या त्या. थंडीतले जाड बनियन, एकावर एक.

माझा हात तिथेच राहिला. ट्रेव्हरने श्वास रोखून धरला होता. वर बघायची माझी हिंमत झाली नाही. त्याचीही झाली नसावी.

"बरोबर बसलाय," मी म्हणाले.

"बसलाय ना?"

"हो."

पुलावर पाठ केलेलं वाक्य मी बोलले नाही. ते बोलले तर खरं होईल, असं मला वाटलं. जत्रा होऊ दे, मी मनाशी म्हणाले. शनिवार येतोच आहे. तेवढी एक जत्रा त्याला मिळू दे, मग बोलू. पण त्या चार रात्री त्याने पाठ केली की माझे डोळे टक्क उघडे असायचे.

शनिवारी असं ऊन पडलं, जे आमच्या खोऱ्यात एरवी वर्षातून एकदाही पडत नाही. स्टेशनवर बॅन्ड वाजत होता. मी माझा निळा क्रेपचा फ्रॉक घातला होता, त्याला स्वतः मढवलेली बटणं, वर पांढरा विणलेला आखूड स्वेटर. तोही मी दहा मिनिटांत काढून ठेवला. ट्रेव्हर मात्र शर्ट, टाय, स्वेटर, जाकीट, सगळं बंद करून फिरत होता. आणि आत काय आहे ते मला माहीत होतं.

"जाकीट तरी काढ," मी म्हणाले.

"चाळीस सालचा माणूस चारचौघांत जाकीट काढतो का कधी?"

सगळे त्याचंच कौतुक करत होते. गालफडं बसलेली, कॉलरमध्ये मान बारीक दिसतेय, डोळ्यांखाली सावली. "ट्रेव्हर, काय दिसतोस! खरा रेशनवरचा माणूस!" "बाकीचे आम्ही ढेरपोटे, हाच एक चाळीस सालचा!" एका फोटोवाल्याने त्याला इंजिनाजवळ उभं केलं, हनुवटी वर, हात खिशात. तो मला म्हणाला, "तुमच्या नवऱ्याचा चेहरा कसा अगदी त्या काळातला आहे हो." मला त्या माणसाचा कॅमेरा रुळांवर फेकून द्यावासा वाटला.

ट्रेव्हरच्या कानामागून घाम वाहत होता. ओठ पांढरे पडले होते. इंजिनाने वाफ सोडली, तो त्या पांढऱ्या ढगात गेला आणि वाफ विरली तेव्हा फोटोवाला त्याला काखेत हात घालून धरत होता.

आम्ही त्याला प्रतीक्षालयातल्या बाकावर आणला. मी त्याचं जाकीट ओढून काढलं. स्वेटर डोक्यावरून काढला. शर्टाची बटणं माझ्या हातून सुटेनात, तर मेव्हिसमावशी कुठूनशी आली, मला बाजूला सारलं, शर्ट मोकळा केला, आणि गळ्यातल्या कात्रीने घामाने चिकटलेला पहिला बनियन गळ्यापासून खालपर्यंत कापला. मग दुसरा. तिसऱ्यापाशी तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग तोही कापला.

मी माझ्या नवऱ्याची छाती ओळखते. ही ती नव्हती. बरगड्या मोजता आल्या असत्या.

"पाणी आणते," मेव्हिसमावशी म्हणाली आणि दार ओढून घेऊन गेली.

ट्रेव्हरने डोळे उघडले. आधी स्वतःकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुला कळलं होतं," तो म्हणाला. "त्या दिवशी हात फिरवलास तेव्हाच कळलं होतं."

"आणि तुला?"

"मला ख्रिसमसपासून."

"मग हे कशाला केलंस, मूर्खा? या उन्हात?"

बाहेर बॅन्ड काहीतरी भलतंच आनंदी वाजवत होता.

"तू उसवायला बसायचीस ना," तो म्हणाला, "तेव्हा तुझं तोंड बघवायचं नाही मला. म्हटलं, एकदा तरी हिला बरोबर बसू दे."

मग मी बोलले. पुलावरचं वाक्य नव्हे, ते केव्हाच विसरले होते. मी म्हणाले, "मला भीती वाटते रे. मला इतकी भीती वाटते की मला चमचा धरता येत नाही." तो म्हणाला, "मला पण." एवढ्या वर्षांत त्याने असं कधी म्हटलेलं नव्हतं. मी त्याला माझा पांढरा स्वेटर गुंडाळला, बायकी, आखूड, खांद्यावर बसेना असा, आणि आम्ही तसेच बसून राहिलो.

सोमवारी मीच डॉक्टरला फोन केला. त्याने नको म्हटलं नाही. मग रक्त, मग नळी, मग यंत्राच्या बोगद्यातला फोटो. प्रत्येक ठिकाणी कपडे उतरवायला सांगायचे आणि प्रत्येक ठिकाणी तो एकाच बनियनमध्ये असायचा. ते मी रोज सकाळी बघून घ्यायचे.

आज निकाल सांगणार आहेत. दवाखान्याच्या लांबलचक बोळात आम्ही खुर्च्यांवर बसलो आहोत. आतल्या दारावर डॉक्टरीणबाईंचं नाव आहे, आणि ते दार उघडलं की दर वेळी मी उठायला बघते. उघडतं ते दुसऱ्याच कुणासाठी. मी पिशवीत तीच हिरवी लोकर आणली आहे. तो तिसरा स्वेटर काल उसवला, लडी धुतल्या, वाळवल्या. मी सुया काढल्या आणि टाके घालायला लागले.

"किती घालतेस?" ट्रेव्हरने विचारलं. इतकी वर्षं माझ्याशेजारी बसून त्याला टाक्यांचे हिशेब कळतात.

"पूर्वीइतके."

"मागच्या वर्षीच्या मापाने?"

"हो."

"मला सैल होईल तो."

"होऊ दे."

मी टाके घालत राहिले, पण माझ्या बोटांत मीच नव्हते. पहिली ओळ विणायला घेतली तर सुईचं टोक टाक्यात शिरेना. टाके इतके आवळले होते की ते सुईवर सरकतसुद्धा नव्हते. मी जोर लावला, सुई निसटून जमिनीवर पडली, आणि बोळातल्या सगळ्यांनी वळून पाहिलं.

ट्रेव्हरने वाकून ती उचलली. मग माझ्या हातातली दुसरी सुईही हलकेच काढून घेतली. त्याने जन्मात कधी विणकामाला हात लावलेला नाही, पण उसवताना त्याने मला कितीदा तरी पाहिलं होतं. त्याने धाग्याचं टोक धरलं आणि सगळी ओळ ओढून काढली. मग कुरळा झालेला तो धागा आपल्या बारीक झालेल्या बोटांनी सरळ केला आणि माझ्या हातात दिला.

"परत घाल," तो म्हणाला. "सैल हातानं घाल."